एकच खुर्ची

सातपूरला आमच्या केबिनमध्ये एकच खुर्ची होती.
ती माझी.
मार्चच्या एकतीस तारखेला अकरा जणांना आत बोलावलं,
एकेक करून, आडनावाच्या क्रमाने.
कागद वरून आला होता. मी फक्त वाचला.
"कंपनीला खेद आहे" हे अकरा वेळा म्हणालो,
शेवटी शेवटी इतकं गुळगुळीत झालं ते
की जिभेवरून कधी घसरलं कळलंही नाही.

दौलत खैरनार, प्रेस शॉप, एकोणीस वर्षं.
डाव्या हाताची करंगळी अर्धी,
तीही आमच्याच मशीनने घेतलेली.
उभ्याउभ्या म्हणाला,
"साहेब, मग डबा खाऊन जाऊ, की लगेच निघू?"
"बघ तुझं तू," मी म्हणालो,
आणि खालचा कागद उचलला.
ग. गायधनी.

घरी मंदाकिनीने विचारलं, आज उशीर?
पंक्चर, म्हणालो.

त्याच वर्षी डिसेंबरात,
निफाडचा पारा चारावर आला त्या सकाळी,
मुंबई नाक्याच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर
मी मफलर न सोडता उभा.
रिपोर्ट पाकिटात, पाकीट डॉक्टरांच्या हातात.
डॉक्टर तस्नीम कोकणी. आमच्या थोरलीएवढ्याच असतील.
वाटलं, आता वाचतील.

त्यांनी पाकीट उशाशी ठेवलं.
पलंगाखालचं लंगडं स्टूल पायाने ओढलं
आणि बसल्या. मंदाकिनीपेक्षा खाली,
मान वर करून बोलावं लागेल इतक्या खाली.
मोबाईल थरथरला, तो पालथा घातला.
"मावशी, तुम्हाला आतापर्यंत काय काय कळलंय?"

"गाठ आहे म्हणाले," मंदाकिनी म्हणाली.
मग आवाज बारीक करून,
"ह्यांना नका फार सांगू. बीपी आहे ह्यांना."
मी तिथेच होतो, हातभर अंतरावर.

"सगळं आज ऐकायचंय, की थोडं आज, थोडं उद्या?"
"आजच."
"बातमी बरी नाहीये, मावशी."

आणि गप्प राहिल्या.

त्या गप्प राहण्याला मी घड्याळ लावलं असतं,
सवयच आहे, एका नगाला किती सेकंद ते मोजायची.
पुलावरून कंटेनर गेला, खिडकीची काच हलली.
पडद्यापलीकडे कुणीतरी पपई कापत होतं.
डॉक्टरांचा हात मंदाकिनीच्या हाताशेजारी होता,
हातावर नव्हे, शेजारी,
घ्यायचा तर घ्यावा असा.
बऱ्याच वेळाने तिने तो घेतला.

तिचा पहिला प्रश्न:
"भाकरी बांधून आणलीये. इथेच खाल्ली तर चालेल?"

मी खाली बघितलं. लाजच वाटली मला तिची,
एवढं मोठं ऐकून हे काय विचारते.
डॉक्टरांनी मात्र त्याचंही नीट उत्तर दिलं.
"निवांत खा. मी चारपर्यंत इथेच आहे.
जेवता जेवता काही मनात आलं
तर ह्यांना पाठवा, नाहीतर मीच येते."

भाकरीला ठेचा होता.
मला अर्धी करंगळी दिसत राहिली.

खैरनार निमाणीला पेरू विकतो, असं कानावर होतं.
मंदाकिनीची तिसरी किमो झाली, थोरली तिच्याजवळ थांबली,
आणि मी गेलो.
बसमध्ये एक वाक्य जुळवलं होतं.
त्यात "खेद" आला, म्हणून द्वारकेलाच सोडून दिलं.

त्याने ओळखलं की नाही, कळेना.
पेरूचे चार भाग केले, तिखटमीठ चोळलं.
"किती, साहेब?"
साहेब तो सगळ्यांनाच म्हणत असेल.
गाडीमागे एक क्रेट पालथं पडलं होतं.

"बसू का जरा, दौलत?"

त्याने सुरी फडक्याला पुसली.
एक गिऱ्हाईक होतं, ते उरकलं. सुट्टे मोजून दिले.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"एका बाजूने मोडलंय ते.
बेतानं बसा."